जुन्या टोपोशीट घेऊन पश्चिम कॅन्सस: सहा दिवस

हाय प्लेन्स म्हणजे रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या गाळाचा, पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेला पट. अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमध्ये हा उतार मैलाला साधारण दहा फूट भरतो. उभं राहून पाहिलं तर जमीन सपाटच वाटते. स्थलनिर्देशक नकाशा वाचायला डोंगराळ मुलुख अवघड असं आपण सह्याद्रीत शिकतो, पण खरी कसोटी अशा सपाटीवर लागते. साधा हिशोब करा. उतार मैलाला दहा फूट असेल, तर सर्वेक्षकाने काढलेली उंची पाच फुटांनी चुकली की काँटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, जमिनीवर अर्धा मैल सरकतो. उंची जवळपास बरोबर असूनही रेषा भलतीकडे जाते. म्हणून इथली जुनी शीट काँटूरपासून किंवा ओढ्यापासून वाचायची नाही. ती आधी जमीन-मोजणीच्या चौकटीच्या रेघांपासून वाचायची. सहा दिवसांचा हा मार्ग त्याच क्रमाने आखला आहे.

निघण्यापूर्वी

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची, म्हणजे यूएसजीएसची स्थापना १८७९ ची. या संस्थेच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावर जुन्या शीटचे स्कॅन फुकट मिळतात. तीन पिढ्यांच्या शीट उतरवून घ्या. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातली ३० मिनिटांची, म्हणजे अक्षांश-रेखांशात अर्धा-अर्धा अंश व्यापणारी शीट १:१,२५,००० प्रमाणाची आहे. १९५० च्या दशकातल्या मालिकेची 'गुडलँड' शीट १:२,५०,००० ची. बाकी सगळीकडे साडेसात मिनिटांची, १:२४,००० ची. एका ३० मिनिटांच्या शीटमध्ये साडेसात मिनिटांच्या १६ शीट बसतात. आपली सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट १५ मिनिटांची असते, तेव्हा इथली १:२४,००० ची शीट तिच्या चौथाईएवढा मुलुख दाखवते.

जिओटिफ आणि जिओपीडीएफ या दोन्ही प्रकारच्या फाइली घ्या. पहिली क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत लागते आणि दुसरी फोनवर नेटवर्कविना चालते. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं आणि पट्टी लावून काढलेलं प्रत्येक अंतर चुकतं. छापल्यावर मार्जिनमधली मैलाची पट्टी मोजा. १:२४,००० वर एक मैल ६७ मिलिमीटर भरला पाहिजे.

हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा धरा. मातीचे रस्ते पावसानंतर गाडीला दाद देत नाहीत. लोएसचा, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक गाळाचा चिखल चाकाच्या कमानीत घट्ट बसतो आणि चाकच फिरेनासं होतं. टाकी अर्धी झाली की भरायची. शेतं खासगी आहेत, त्यामुळे रस्ता सोडून आत जायचं तर मालकाला विचारूनच.

पहिला दिवस: ऑसबोर्न आणि मीड्स रँच

सुरुवात हाय प्लेन्सच्या थोडी अलीकडे, ऑसबोर्न काउंटीतून करायची, कारण पुढचे सगळे आकडे इथून निघतात. १८९१ मध्ये कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी-खात्याने मीड्स रँच या कुरणात एक त्रिकोणमापन स्थानक बसवलं. देश आडवा कापणारी ३९ व्या अक्षांशाजवळची त्रिकोणांची साखळी आणि उभी कापणारी ९८ व्या रेखांशाजवळची साखळी इथे एकमेकींना भेटतात. १९०१ मध्ये हेच स्थानक देशाच्या मोजणीचं मूळ ठरलं. पुढे १९२७ चा नॉर्थ अमेरिकन डेटम, म्हणजे नॅड-२७, याच बिंदूवर टेकवला. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया. पृथ्वीच्या आकारासाठी लंबगोल घेतला तो क्लार्कचा, १८६६ चा.

भारतात हेच काम मध्य प्रदेशातलं कल्याणपूर करतं, आणि तिथे लंबगोल एव्हरेस्टचा. ती मोजणी सुरू करणारा लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. जुन्या टोपोशीटवर जीपीएसचा ट्रॅक टाकला की तो वाटेच्या बाजूला सरकून पडतो, हे ट्रेक करणाऱ्यांना ठाऊक आहे. कारण दोन्हीकडे एकच, डेटम वेगळा.

मूळ चिन्ह खासगी कुरणात आहे. ऑसबोर्न गावात त्याची माहिती देणारा फलक आहे, तो वाचून पुढे निघावं. काम खरं तर कागदावरच करायचं आहे. मीड्स रँचचे नॅड-२७ मधले अक्षांश-रेखांश ३९°१३′२६.६८६″ उत्तर आणि ९८°३२′३०.५०६″ पश्चिम. नॅड-८३, म्हणजे १९८३ च्या डेटममध्ये, अक्षांश जवळपास तोच राहतो, पण रेखांश सव्वा सेकंदाने पश्चिमेला जातो, म्हणजे सुमारे ३० मीटर. १:२४,००० वर हे सव्वा मिलिमीटर झालं. फोनमध्ये डेटम चुकीचा लावला असेल तर रस्त्याच्या एका बाजूची पवनचक्की दुसऱ्या बाजूला दिसायला एवढं पुरतं. शीटच्या मार्जिनमध्ये डेटम लिहिलेला असतो आणि नंतरच्या छपाईत कोपऱ्यांवर तुटक रेघांचे छोटे क्रॉसही असतात. ते नॅड-८३ चे कोपरे.

१९२७ च्या आधीच्या शीटला मात्र ही ३० मीटरची दुरुस्ती लावू नका. तिथे कोपऱ्याचे आकडेच शंभरेक मीटरने हललेले असू शकतात. तिला वेगळ्या रीतीने बसवावं लागतं, ते सहाव्या दिवशी.

दुसरा दिवस: रसेल ते गुडलँड

प्रवासाचा दिवस, आय-७० वरून पश्चिमेला सुमारे १६५ मैल. महामार्गाचे एक्झिट मैलांवर आहेत आणि मोजणी कोलोरॅडोच्या सीमेपासून होते, म्हणून गुडलँडचा एक्झिट १७ असेल तर सीमा १७ मैलांवर. शेजारी बसणाऱ्याने फोनवर उंची पाहत राहावी. चढ कुठेच जाणवत नाही आणि आकडा मात्र वाढत जातो. गुडलँड जिथे आहे ती शेरमन काउंटी आणि तिच्या दक्षिणेच्या वॉलेस, ग्रीली, हॅमिल्टन या काउंट्या माउंटन वेळ पाळतात, बाकी कॅन्सस सेंट्रल. घड्याळ तासाने मागे घ्या.

तिसरा दिवस: सेंट फ्रान्सिस, अरिकारी ब्रेक्स

गुडलँडहून उत्तरेला सेंट फ्रान्सिस, तिथे पुन्हा सेंट्रल वेळ. गावाच्या उत्तरेला अरिकारी ब्रेक्स आहेत. लोएसच्या जाड थरात पाण्याने कापलेल्या खोल, उभ्या कडांच्या घळी. कालपर्यंत एका शीटवर मोजके काँटूर होते, आज ते एकमेकांना चिकटतात.

'गुडलँड' शीट आणि साडेसात मिनिटांची शीट शेजारी ठेवा. १:२,५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. दोनशे मीटर रुंदीची घळ तिथे एक मिलिमीटरही भरत नाही, म्हणून आरेखकाने दहा घळींच्या जागी दोन-तीन काढून बाकीच्या गाळलेल्या दिसतील. ही चूक नाही, प्रमाणाने घातलेली मर्यादा आहे. १:२४,००० ची शीट हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून काढलेली. तिच्यात घळी जवळपास सगळ्या सापडतात, पण तळ सावलीत गेला असेल तिथे तळाचा काँटूर गोलसर आणि संशयास्पद गुळगुळीत असतो. असा काँटूर दिसला की त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि रात्री लायडरच्या, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या, उंची-पटाशी ताडून बघा.

कडेवर उभं राहू नका. लोएस उभा राहतो तो उभाच कोसळतो, आणि खालून पोकळ झालेला काठ वरून कळत नाही.

इथून जवळच, अरिकारी नदी कॅन्ससमध्ये शिरते तिथे, कोलोरॅडोचा सगळ्यांत खालचा बिंदू आहे: ३,३१७ फूट. हा आकडा उद्यासाठी लक्षात ठेवा.

चौथा दिवस: चौकट, साखळी आणि माउंट सनफ्लॉवर

सगळ्या फेरीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा दिवस. मुक्काम गुडलँडलाच.

इथली प्रत्येक टोपोशीट ज्या जाळ्यावर बसली आहे, ते जाळं यूएसजीएसच्याही आधीचं, सरकारी जमीन-मोजणीचं. पायारेषा ४० वा अक्षांश, म्हणजेच कॅन्सस-नेब्रास्का सीमा. उभी रेषा सहावी प्रिन्सिपल मेरिडियन. त्यांपासून सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप, प्रत्येकीत ३६ सेक्शन, एक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू होतात, पश्चिमेला ६ पर्यंत जातात, खालच्या ओळीत ७ पासून उलट पूर्वेकडे, असे नांगराच्या तासासारखे वळत आग्नेयेला ३६ वर संपतात.

मोजणीची साखळी गंटरची, ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या मोजणीतली ३३ फुटी, १६ आण्यांची साखळी बरोबर हिच्या निम्मी. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचा हिशोब डोक्यात असलेल्या माणसाला इथलं जाळं परकं वाटत नाही.

आता कोपरे. झाड नाही, दगड दुर्मीळ, मग खूण कशाची करायची? मोजणीच्या नियमात त्याचं उत्तर होतं. जळका खुंट किंवा कोळसा पुरायचा, वर मातीचा ढिगारा, आजूबाजूला खड्डे. कोळसा कुजत नाही, म्हणून पुढे कोणी शोधला तर सापडतो. दगड मिळालाच तर त्याच्या कडांवर खाचा. दक्षिण कडेवर जितक्या खाचा तितके मैल टाउनशिपच्या दक्षिण सीमेपर्यंत, पूर्व कडेवर जितक्या तितके पूर्व सीमेपर्यंत. दोन्ही कडांवर दोन-दोन खाचा दिसल्या तर तो २२, २३, २६ आणि २७ या चार सेक्शनचा सामाईक कोपरा. कागद न उघडता दगड जागा सांगतो. आज असे बहुतेक कोपरे चौरस्त्याच्या मधोमध, रस्त्याखाली आहेत, कारण रस्ते सेक्शनच्या रेघांवरूनच गेले. तिथे खणायचं नाही. कोपऱ्याची खूण हलवणं गुन्हा आहे. त्रिकोणमापनाच्या जुन्या चकत्यांवर तर २५० डॉलर दंडाचा इशारा ठोकूनच लिहिलेला असतो.

गुडलँडहून दक्षिणेला सेक्शन-रस्त्याने निघा, महामार्गाने नको. ओडोमीटर शून्य करा आणि दर चौरस्त्याला आकडा लिहा. मैलाचा मैल भरत जातो. मग शेरमन काउंटी संपून वॉलेस लागते त्या रेषेवर अनेक ठिकाणी रस्ता सरळ जात नाही. डावीकडे किंवा उजवीकडे थोडं सरकून पुन्हा दक्षिण धरावी लागते. ही दुसरी स्टँडर्ड पॅरलल, पायारेषेपासून ६० मैलांवरची दुरुस्तीची रेषा.

कारण पृथ्वी गोल. उत्तर-दक्षिण रेघा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येतात. ३९ अंशांच्या आसपास सहा मैल अंतरावरच्या दोन रेघा सहा मैल उत्तरेला गेल्यावर सुमारे ३८ फुटांनी जवळ आलेल्या असतात. तीस मैलांत हे १९० फूट होतं. म्हणून कॅन्ससमध्ये दर तीस मैलांनी नव्या रेषेवर पुन्हा पूर्ण सहा-सहा मैल मोजून सुरुवात केली. वरच्या आणि खालच्या रेघांची तोंडं जुळत नाहीत, आणि तो फरक गाइड मेरिडियन या आधाराच्या उभ्या रेषेपासून प्रत्येक रेंजमागे, म्हणजे टाउनशिपच्या सहा मैलांच्या उभ्या पट्ट्यामागे, साठत जातो. आठ रेंजनंतर दीड हजार फूट. नकाशावर हा खटका स्पष्ट दिसतो. तो आरेखनाचा दोष समजून 'सरळ' करणाऱ्यांनी चांगले स्कॅन बिघडवलेले आहेत.

टाउनशिपच्या आत उरलेली कमी-जास्त उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या ओळीत ढकलली जाते. म्हणून १ ते ६ आणि ७, १८, १९, ३०, ३१ हे सेक्शन क्वचितच नेमके ६४० एकर भरतात. त्यात हाताच्या चुका मिसळल्या. मोजणीदाराला पैसे मैलावर मिळत, तेव्हा घाई होणारच. आणि कायदा असा की मूळ कोपरा चुकीच्या जागी रोवला असला तरी तोच खरा. चूक जमिनीवर कायमची झाली, म्हणून चांगल्या नकाशाने ती चूक आहे तशीच दाखवली पाहिजे. जाळं गणिताने आखून शीटवर टाकलं आणि ते जुळलं नाही, तर आधी शीटवर विश्वास ठेवा.

दुपारी माउंट सनफ्लॉवर. कोलोरॅडोच्या सीमेपासून अर्ध्या मैलाच्या आत, ४,०३९ फूट, कॅन्ससचा सर्वोच्च बिंदू. खासगी कुरण आहे, पण मालकांनी लोकांना येऊ दिलं आहे. रेल्वेच्या खिळ्यांचं सूर्यफूल उभं केलेलं नसतं तर शिखर कुठलं ते कळलं नसतं. कालचा ३,३१७ आठवा. कॅन्ससचं शिखर कोलोरॅडोच्या तळापेक्षा सातशे फुटांहून उंच आहे, आणि दोन्हींच्या मध्ये चढ म्हणावा असा एकही नाही.

सीमा मात्र सेक्शनच्या जाळ्यात बसत नाही. कोलोरॅडोची पूर्व सीमा वॉशिंग्टनपासून पश्चिमेला २५ अंश अशी ठरली होती, ग्रिनिचपासून नव्हे. ग्रिनिचच्या हिशोबात ती १०२°०३′ च्या जवळ येते. त्यामुळे शेवटची रेंज मध्येच कापली जाते आणि तुकडा-सेक्शन उरतात.

पाचवा दिवस: शॅरन स्प्रिंग्ज, ट्रिब्यून, स्कॉट सिटी

के-२७ ने दक्षिणेला ट्रिब्यून, मग के-९६ ने पूर्वेला स्कॉट सिटी. वाटेत व्हाइट वूमन क्रीक हा ओढा सोबत करतो. तो कोलोरॅडोत उगम पावतो आणि कुठल्याही नदीला मिळत नाही. स्कॉट सिटीच्या दक्षिणेच्या खोलगट भागात पसरतो आणि जमिनीत जिरतो. शीटवर निळी तुटक रेघ चालता चालता संपते. नदी शोधत रेघ पुढे ओढायचा मोह होतो, तो टाळा.

या भागातली खरी आकृती म्हणजे प्लाया: पावसाचं पाणी साठणारी उथळ, गोलसर खळगी. खोली कित्येकदा तीन ते पाच फूटच. आता काँटूरचं अंतर दहा फूट असेल तर अशी खळगी दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपते. वीस फुटांच्या जुन्या शीटवर तर विचारायलाच नको. १:२४,००० वर तीन गोष्टी शोधा: आतल्या बाजूला दातेरी रेघा असलेला बंद काँटूर, हंगामी तळ्याची निळी आडव्या रेघांची खूण, आणि शेताच्या बांधाने उगाच घेतलेलं वळण. तिसरी खूण सगळ्यांत विश्वासाची. नांगरणारा जिथे ओलीत अडकला तिथे त्याने वळसा घेतला.

प्लाया पाहायच्या तर उन्हं चढण्याआधी, सात-आठच्या सुमाराला. तिरप्या उन्हात दोन फुटांचा उतारही सावली टाकतो, दुपारी काही दिसत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरपासून शेतीखात्याने १:२०,००० प्रमाणाची हवाई छायाचित्रं घेतली. त्यांत प्लाया काळपट डागांसारख्या उठून दिसतात. आज त्यांतल्या कित्येकांवरून मधल्या खांबाभोवती गोल फिरणाऱ्या सेंटर-पिव्हट सिंचनाची चाकं फिरतात. १६० एकरांच्या पाव सेक्शनमध्ये बसणारं वर्तुळ सुमारे १२५ एकरांचं. चार कोपरे कोरडे राहतात, आणि जुन्या शीटवरची पवनचक्की तपासायची तर ती बहुधा अशा कोपऱ्यातच टिकलेली सापडते.

सहावा दिवस: गार्डन सिटी

यूएस-८३ ने दक्षिणेला ३६ मैल. इथे आर्कान्सा नदी. कॅन्ससमध्ये तिचा उच्चार 'आर-कॅन्झस' करतात, वाट विचारताना तसाच करा. आज बाहेर काढायची ती १:१,२५,००० ची जुनी शीट.

ती तयार कशी झाली ते समजलं की तिचे दोष आपोआप उलगडतात. आडव्या जागा जमीन-मोजणीच्या जाळ्यावरून घेतल्या. मधली अंतरं बग्गीच्या चाकाचे फेरे मोजून: परीघ १३.२ फूट असेल तर मैलाला ४०० फेरे, आणि वाळूत शंभरात एक फेरा घसरला तर मैलामागे ५३ फुटांची चूक. तपशील प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशा-फळीवर, ॲलिडेड या दुर्बीण लावलेल्या पट्टीने. तिपाईचं जे डोकं पुढे सगळ्यांनी वापरलं ते विलार्ड जॉन्सन या यूएसजीएसच्याच सर्वेक्षकाचं. गोल सांध्यामुळे फळी आधी सपाट करून घट्ट करायची, मग दिशेसाठी वेगळी फिरवायची. याच माणसाने पुढे हाय प्लेन्सवर सविस्तर अहवाल लिहिला. ज्याने सपाटी इंचाइंचाने मोजली त्याला ती कशी घडली हा प्रश्न पडणं साहजिकच होतं.

ॲलिडेडच्या दुर्बिणीत दोन आडव्या तारा दिसतात. दूर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवर त्यांच्यामधलं वाचन ४.६२ फूट आलं की अंतर त्याच्या शंभरपट, ४६२ फूट. सपाटीवर दृष्टी लांब जाते आणि तिथेच घात होतो. दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते, खालची तार चुकीची वाचली जाते आणि अंतर बिघडतं. म्हणून काम सकाळ-संध्याकाळचं. पृथ्वीच्या वक्रतेची आणि प्रकाशाच्या वाकण्याची दुरुस्तीही विसरता येत नाही: मैलांचा वर्ग गुणिले ०.५७ फूट. एका मैलाला अर्धा फूट, चार मैलांना नऊ फूट. वीस फुटांच्या काँटूरचं जवळपास निम्मं अंतर एवढ्यातच गेलं.

उंचीसाठी रेल्वेने मोजलेल्या उंच्या आणि त्यांच्या मध्ये ॲनेरॉइड, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र. ॲनेरॉइडला उंची कळत नाही, दाब कळतो. एका मिलिबारला इथे सुमारे नऊ मीटर, आणि या मैदानावर वादळ येताना दाब दुपारभरात पाच मिलिबार सहज हलतो. रेल्वेजवळचे काँटूर म्हणून भरवशाचे आणि दूरचे डळमळीत. १८९६ च्या कायद्यानंतर कायमचे बेंचमार्क, म्हणजे मोजलेल्या उंचीच्या खुणा, बसू लागले, त्याआधीच्या शीटवर ते शोधू नका.

आता शीट बसवण्याची रीत. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे स्कॅन खऱ्या जागी बसवणाऱ्या साधनात, शीटचे चार कोपरे नियंत्रण-बिंदू म्हणून वापरू नका, नदीचे बाक तर मुळीच नाही. सेक्शनचे कोपरे घ्या, १२ ते १६, शीटभर पसरलेले, त्यातले दोन-तीन दुरुस्तीच्या रेषेच्या दोन्ही अंगांना. खरे सहनिर्देशक जमीन-व्यवस्थापन खात्याच्या सेक्शन-जाळ्याच्या डेटामधून. आधी पहिल्या घाताचं बहुपदीय रूपांतर लावा. या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे १२५ मीटर आणि ०.२ मिलिमीटरची छापील रेघच २५ मीटर रुंद, तेव्हा उरलेली चूक ५०-६० मीटर आली तर समाधान माना. एखादाच बिंदू ३०० मीटरने सुटत असेल तर तो कोपरा तुम्ही चुकीचा ओळखला आहे, क्रमांक पुन्हा मोजा. थिन प्लेट स्प्लाइन हे दुसरं रूपांतर लावलं की चूक शून्य दिसते, पण तो बिंदूंवरचा शून्य आहे. मधला कागद रबरासारखा ताणला जातो.

शीट नीट बसली की नदीकडे या. जुन्या शीटवर आर्कान्सा रुंद आहे, निळ्या रंगात, मध्ये वाळूची बेटं, आणि उत्तरेला १८८० च्या दशकात खणलेल्या पाटांच्या रेघा. दक्षिणेला वाळूच्या टेकड्या, तिथले काँटूर एकसारख्या गोल गाठींचे. त्या प्रत्येक टेकडीवर कोणी पट्टी धरलेली नाही. टेकड्या आहेत एवढंच सांगायला त्या काढल्या, तेव्हा त्यांची उंची वाचू नका, विस्तार वाचा.

गावाच्या दक्षिणेच्या पुलावर उभं राहा आणि फोनवर बसवलेली शीट उघडा. आपला ठिपका निळ्या पट्ट्याच्या मधोमध येतो. खाली वर्षातला बराच काळ कोरडी वाळू असते, तिच्यावर गाडीच्या चाकांचे माग आणि काठाने नव्याने वाढलेली कॉटनवुडची झाडं.